बरणीत गेलेली टेकडी

शिकागोकरांनो, लोणचं भरायला आपण ज्या ‘बॉल’च्या बरण्या आणतो, त्या नावामागे एक अख्खी टेकडी गडप झाली आहे!

इंडियानातल्या मिशिगन सिटीत, सरोवराकाठी ‘हूजियर स्लाइड’ ही सुमारे २०० फूट उंच वाळूची टेकडी होती. शिकागोहून लोक बोटीने येत आणि हौसेने वर चढत. तिची वाळू मुख्यतः गारगोटीची, म्हणजे सिलिकाची. त्यात सोडा नि चुना घालून भट्टीत वितळवलं की झाली काच. मन्सीच्या बॉल बंधूंनाही ती हवी होती. वाघिणी भरभरून वाळू निघाली. जुन्या बरण्यांची ती सुंदर निळसर छटा वाळूतल्या लोहाची. साधारण १८९० ते १९२०, तीसेक वर्षांत टेकडी सपाट! पुढे तिथे वीजकेंद्र आलं.

बाकीच्या टेकड्या तरी वाचाव्यात म्हणून स्टीफन मॅथर यांनी १९१६ साली शिकागोत सुनावणी घेतली. राष्ट्रीय उद्यान झालं कधी? २०१९ साली! तोवर बराच किनारा पोलादाच्या कारखान्यांनी व्यापला होता.

जवळचा ‘माउंट बाल्डी’ मात्र आहे, वाऱ्याबरोबर दरवर्षी थोडा आत सरकतो. मुलांना जरूर दाखवा. वर चढायचं तर रेंजर सोबत हवा.