स्वस्त एस्प्रेसो ब्लेंड कुठून आला?

हळद-सोयाबीनच्या पेजवर आज कॉफी बघून काहीजण हसतील. आपल्या हिंगोलीच्या मे महिन्यात कॉफीचं रोप तग धरायचं नाही. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की मेळघाटातलं चिखलदरा, तेही थोडकंच. पण कॉफी शॉपला परवडणारा एस्प्रेसो ब्लेंड कसा जन्माला आला, ही हकीकत हळदवाल्यानं जरूर वाचावी. ब्लेंड म्हणजे मिसळलेला माल. पिकवणारा एक आणि मिसळून विकणारा दुसरा, हा व्यवहार आपल्याला काही नवा नाही.

गोष्ट सुरू होते तांबेऱ्यापासून. सोयाबीनवर येतो तो वेगळा, पण जात तीच, बुरशीची. 1869 ला सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॉफीच्या पानावर तो दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथले मळे बसले. मळेवाल्यांनी कॉफी उपटून चहा लावला. ती सगळी कॉफी अरेबिका जातीची होती. वासाला गोड, चवीला हलकी, पण नाजूक. आपल्या दक्षिणेतही तांबेरा आणि खोडकिडा या दोघांनी अरेबिकाला जेरीला आणलं. मग आफ्रिकेतल्या काँगोकडची रोबस्टा पुढं आली. कमी उंचीवर येते, रोगाला दाद देत नाही, झाडाला माल जास्त. खोट एकच, चव कडू आणि जाड. कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. म्हणून बाजारात ती कायम खालच्या दराची राहिली.

तिकडं इटलीत मशीन तयार होत होतं. मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 ला वाफेवर कप काढणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. पुढं अकिले गाज्जियानं दांड्याचं मशीन काढलं, ते चाललं महायुद्धानंतर. त्यात पाणी नऊ वातावरणाच्या दाबानं भुकटीतून जातं आणि कपावर तपकिरी साय येते. तिला क्रेमा म्हणतात. आता गंमत बघा. अरेबिकात तेल जास्त, म्हणून तिचा फेस लवकर बसतो. रोबस्टात तेल कमी, म्हणून साय दाट येते आणि टिकते. दूध-साखर घातली तरी रोबस्टाचा कडूपणा हरवत नाही. ज्या मालाला लोक हलका म्हणत होते, तोच या मशीनला मानवला. इटलीतल्या भट्टीवाल्यांनी अरेबिकात रोबस्टा मिसळली, खर्चही उतरला. आज भारताच्या कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक इटलीच आहे आणि आपल्या उत्पादनात दोन तृतीयांशापेक्षा जास्त रोबस्टा आहे.

मग हा ब्लेंड कर्नाटकातल्या शेतकऱ्यानंच का नाही विकला? कारण त्याला मुभाच नव्हती. 1942 च्या कॉफी कायद्यानं पूल पद्धत आणली. बी आणि घरच्यापुरती ठेवून सगळी कॉफी बोर्डाला द्यायची, बोर्ड लिलाव करणार, पैसे हप्त्यानं मिळणार. ज्यांनी आपली कापूस एकाधिकार खरेदी पाहिलीय त्यांना जास्त सांगायला नको. पूल वाईटच होता असं मी म्हणणार नाही. लढाईच्या काळात युरोपची गिऱ्हाइकी तुटली तेव्हा त्यानंच शेतकरी तगवला. पण आपला माल भाजायचा, दळायचा, नावानं विकायचा रस्ता त्यानं पन्नास वर्षं बंद ठेवला. 1990 नंतर टप्प्याटप्प्यानं सूट मिळाली आणि 1996 पर्यंत विक्री मोकळी झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडला कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. त्यामागं कॉफीचे मळे असलेलं घराणंच होतं.

आता हिशेब. हिरवं बी भाजलं की किलोमागं 150 ते 200 ग्रॅम घट जाते. दुहेरी एस्प्रेसोला साधारण 18 ग्रॅम भुकटी लागते, म्हणजे किलोत 55 कप. ब्लेंड किलोमागं 100 रुपयांनी स्वस्त केला तर कपामागं वाचतात 1 रुपया 80 पैसे. दुकानदार महिन्याला 30 किलो उचलत असेल तर 3000 रुपये. त्याला ते नको असतात असं नाही, पण चव एका पोत्याला एक आणि दुसऱ्याला वेगळी निघाली तर तो 3000 सोडून दुसरीकडं जाईल. स्वस्त ब्लेंड खरा जमतो तो स्वच्छ धुतलेल्या, एकसारख्या वाळवलेल्या रोबस्टावर, फळासकट अंगणात वाळवून बुरस आलेल्या मालावर नाही. हळद शिजवण्यात आणि वाळवण्यात काय फरक पडतो ते मोंढ्यातला माणूस जाणतोच.

चिकोरीची वाट वेगळी. ती मुळी, गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते, दक्षिणेच्या फिल्टर कॉफीत चालते. कायद्यानं अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी पाहिजे आणि प्रमाण पुड्यावर छापलं पाहिजे. हळदीच्या पुड्यावर वसमतची किती नि बाहेरची किती, हे मी तरी छापलेलं पाहिलं नाही.

आणि रोबस्टा कायम स्वस्तच राहील हेही आता खरं नाही. 2024 ला व्हिएतनामच्या दुष्काळानं तिचे दर विक्रमी चढले. रोबस्टा स्वस्तच धरून ज्यांनी ब्लेंड बसवले होते, त्यांना प्रमाण पुन्हा मोजावं लागलं. कोडगू-चिकमंगळूरच्या बागायतदारांना मात्र बऱ्याच वर्षांनी चार पैसे दिसले.