मातीची गाडी : खेळण्यांच्या जतनाचा मागोवा

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या नाटकाला नाव मिळाले ते एका खेळण्यावरून. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन रडत येतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळलेला असतो. ती गाडी परत गेल्यावर रदनिका या दासीने त्याला मातीची गाडी करून दिलेली असते आणि ती त्याला नको असते. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते व यांची सोन्याची गाडी करून घे, असे त्याला सांगते. पुढे हेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. एका मुलाच्या हट्टापायी बापाचा जीव टांगणीला लागतो, हा नाटकाचा विषय झाला. इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. सोन्याची गाडी फार काळ गाडी राहत नाही. गरज पडली की ती वितळते आणि तिचे कंकण होते. भाजलेल्या मातीला दुसरा उपयोग नसतो, म्हणून ती टिकते.

भारतीय उपखंडातील बालपणाचे सर्वांत जुने अवशेष मातीचेच आहेत. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत चाकांच्या लहान गाड्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या, दोरा ओढताच मान हलवणारे बैल अशी खेळणी मोठ्या संख्येने सापडली. महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी तांब्याची चाकांची शिल्पे मिळाली, त्या वेळी ही खेळणी की पूजेतील वस्तू, असा प्रश्न पडला. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक भरते. एवढा भार मूल ओढील कसा, हा संशय रास्तच आहे. परंतु खेळ आणि पूजा यांच्यामधली सीमारेषा आपल्याकडे पूर्वीपासून पुसट आहे, याचीही आठवण ही शिल्पे करून देतात.

या वस्तू टिकल्या त्या कोणी जपल्या म्हणून नव्हे. त्या हरवल्या, फुटल्या, उकिरड्यावर पडल्या आणि मातीखाली गेल्या. खेळणे जाणीवपूर्वक जपून ठेवण्याची, दरवर्षी ते पुन्हा बाहेर काढून न्याहाळण्याची रीत ही निराळी गोष्ट आहे. तिचा सर्वांत ठसठशीत नमुना दक्षिणेत पाहायला मिळतो. तमिळनाडूतील 'कोलु', आंध्र-तेलंगणातील 'बोम्मल कोलुवु' आणि कर्नाटकातील 'गोंबे' या नवरात्रीच्या प्रथेत घरातल्या बाहुल्या पेटीतून काढून पायऱ्या-पायऱ्यांवर मांडतात. लाल चंदनाच्या लाकडाची 'मरपाची' जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. देवदेवतांच्या शेजारी वाणी-वाणीण असतात, लग्नाची वरात असते, क्वचित क्रिकेटचा सामनाही असतो. दरवर्षी एखादी नवी बाहुली आणायची, असा रिवाज असल्याने मांडणी वाढत जाते आणि तिच्यावरून त्या घराच्या दोन-तीन पिढ्यांचा इतिहास वाचता येतो. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी निजवतात. मग साऱ्या पुन्हा कापडात गुंडाळल्या जातात. कोंडापल्लीच्या कारागिरांनी हलक्या लाकडातून घडवलेले दशावतार आणि अंबारीचे हत्ती याच मांडणीच्या आधारावर जगले. घराघरांतून दरवर्षी मागणी येत राहिली, म्हणून हात चालू राहिले.

महाराष्ट्राने खेळणे जपले ते थोड्या वेगळ्या रीतीने. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारायचा, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणायची, सिंहासनावर शिवाजी महाराज आणि तटावर मावळे बसवायचे, हा मुलांचा खेळ आहे. दिवाळी सरली की किल्ला ढासळतो. मावळे मात्र डब्यात जातात आणि पुढच्या वर्षी कोणाचा हात तर कोणाची तलवार गमावून पुन्हा तटावर चढतात. विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात. या उत्सवाचा आरंभ परंपरा नागपूरकर भोसल्यांकडे नेते. असा एखादा बैल आजोबांकडून नातवाकडे येतो आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगरांखेरीज त्यात काही बदलत नाही. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी घडवलेली ठकी, पांगुळगाडा, खुळखुळा आणि भातुकली यांनाही कित्येक घरांत असेच आयुष्य लाभले.

पेटीतल्या या वस्तू संग्रहालयाच्या कपाटात गेल्या त्या विसाव्या शतकात. दोन नावे इथे आवर्जून घेतली पाहिजेत. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी अडकित्ते, दिवे, वज्री, वाद्ये, बाहुल्या अशा रोजच्या वापरातील वस्तू गावोगाव हिंडून गोळा करायला आरंभ केला. त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षी वारला. पुढे वीस हजारांच्या घरात पोहोचलेल्या आणि राज्य शासनाच्या स्वाधीन केलेल्या त्या संग्रहाला त्याचे नाव आहे. त्या दालनांतील खेळण्यांसमोर उभे राहताना त्या नावाचा विसर पडत नाही.

दुसरे नाव व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै (१९०२–१९८९) यांचे. १९५०च्या दशकाच्या आरंभी हंगेरीच्या राजदूताने शंकर यांच्या बालस्पर्धेसाठी एक बाहुली दिली. तिने त्यांच्या मनाची पकड घेतली. पंडित नेहरूंबरोबरच्या परदेश दौऱ्यांत ते देशोदेशीच्या बाहुल्या मिळवू लागले. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचे उद्घाटन झाले. सुमारे हजार बाहुल्यांनी सुरू झालेला तो संग्रह पुढे सहा हजारांवर गेला. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील वेशभूषांच्या बाहुल्याही त्यात आहेत.

त्यानंतरची पिढी प्लॅस्टिकची. १९८७ साली फनस्कूल कंपनीची स्थापना झाली आणि हॅस्ब्रोच्या साच्यांतून निघालेले 'जी. आय. जो' सैनिक भारतीय मुलांच्या हाती आले. त्याच सुमारास 'ही-मॅन'ही इथेच बनू लागला. मूळ अमेरिकी आवृत्तीहून वेगळे रंग चढलेले हे भारतीय सैनिक आज देशोदेशीचे संग्राहक शोधत असतात. १९९०च्या आसपास ज्यांनी त्यांच्या लढाया लावल्या, ती मुले आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांपैकी काही जण तेच सैनिक पुन्हा मिळवतात. ज्या खेळण्याचा खोका उघडलेलाच नाही त्याला या व्यवहारात सर्वाधिक मोल येते. ज्याच्याशी कोणी खेळलेच नाही ते खेळणे सर्वांत मौल्यवान ठरावे, यातला विरोधाभास सहज लक्षात येतो.

या दोन परंपरांतला फरक इथे स्पष्ट होतो. संग्रहालय वस्तूला काळापासून वाचवते आणि त्यासाठी तिला मुलापासून दूर ठेवते. कोलु आणि दिवाळीचा किल्ला वस्तूची झीज पत्करतात आणि खेळ वाचवतात. दोहोंची गरज आहे. मात्र काचेआड जे पोहोचते ते बहुधा जपण्याची ऐपत असलेल्या घरांतले असते. चिंध्यांच्या बाहुल्या, करवंटीची भांडी, जोंधळ्याच्या ताटांच्या गाड्या यांचा संग्रह फारसा कोणी केला नाही. त्यांच्याशी खेळलेल्या मुलांची संख्या मात्र सर्वांत मोठी होती. रोहसेनाला नको असलेली मातीची गाडी त्याच जातीची. शूद्रकाने नाटकाला नाव दिले ते तिचे. सोन्याच्या गाडीचे नव्हे.