पंधरा घरांपर्यंतचा कार्यक्रम

२००१ साली अमेरिकेत सोनिकब्लू कंपनीने ‘रिप्लेटीव्ही ४०००’ हा रेकॉर्डर आणला. त्याच्या पाठीमागे इंटरनेटची केबल खोचायची सोय होती. घरी साठवलेला कार्यक्रम तिथून दुसऱ्या रिप्लेटीव्हीवाल्याकडे धाडता येई, जास्तीत जास्त पंधरा जणांना.

स्टुडिओ आणि वाहिन्यांनी लगेच कोर्ट गाठले. सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवरच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४च्या निकालाने नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करायला मुभा दिली होती. वाटपाचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. २००२ मध्ये तर ग्राहक काय पाहतात, कोणाला पाठवतात याची नोंद ठेवण्याचा आदेश कंपनीला मिळाला. लोकांच्या दिवाणखान्यात डोकावणारा हा आदेश वरच्या न्यायाधीशांनी फिरवला, हे फार बरे झाले.

क्रेग्जलिस्ट संकेतस्थळाचे संस्थापक क्रेग न्यूमार्क यांच्यासह पाच ग्राहकही हा रेकॉर्डर वापरण्याच्या हक्कासाठी कोर्टात उभे राहिले.

२००३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. नव्या मालकाने पुढच्या मॉडेलमधून पाठवण्याची सोयच काढून टाकली.