पेव, कॅशे आणि मराठी विकिपीडिया : एक थ्रेड

१/ जानेवारी २०१९. यवतमाळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांच्यावरील मराठी विकिपीडियाचे पान तेथे कोणी मोबाइलवर उघडले असेल, तर ते कोठून आले असेल? विकिपीडियाचे मूळ सर्व्हर अमेरिकेत. परंतु २०१८ पासून आशियातील वाचकांसाठी सिंगापुरात एक केंद्र आहे. तयार पानांच्या प्रती तेथे साठवलेल्या असतात. हीच कॅशे.

२/ शब्द फ्रेंच, मूळ अर्थ ‘लपवणे’. शिकारी वाटेत दडवून ठेवत त्या शिधासाठ्यालाही हेच नाव. आपल्याकडचे धान्याचे पेवच म्हणा ना! मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना ‘स्लेव्ह मेमरी’ या नावाने मांडली. ‘कॅशे’ हे नाव १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ सोबत रूढ झाले.

३/ विकिपीडियाने आपल्या लिनक्स सर्व्हरांपुढे प्रथम स्क्विड बसवले, नंतर वार्निश. पॉल-हेनिंग कांप यांनी २००६ मध्ये वार्निश लिहिले ते एका नॉर्वेजियन वृत्तपत्रासाठी. त्यांचा आक्षेप मार्मिक होता : कोणता मजकूर रॅममध्ये ठेवायचा आणि कोणता डिस्कवर, हे कर्नल ठरवतच असतो, स्क्विडही स्वतंत्रपणे तेच ठरवते आणि दोघांची ओढाताण होते. तेव्हा हा कारभार कर्नलवरच सोपवावा.

४/ खरी परीक्षा २५ जून २००९ रोजी झाली. मायकल जॅक्सन यांच्या निधनाची बातमी पसरताच एकाच पानावर वाचकांची झुंबड उडाली. त्यातच पानाचे संपादन सतत चालू. प्रत्येक संपादनासरशी साठवलेली प्रत शिळी ठरे आणि असंख्य सर्व्हर तेच लांबलचक पान एकाच वेळी नव्याने घडवू लागत. सारी यंत्रणा मेटाकुटीला आली. त्यातून ‘पूलकाउंटर’ जन्मला : पान एकाने घडवावे, इतरांनी थांबावे किंवा तूर्त शिळी प्रत द्यावी. किती साधा उपाय! पण तो सुचायला यंत्रणा कोलमडावी लागली.

५/ आता मराठीकडे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. कॅशे मात्र भाषा पाहत नाही, मागणी पाहते. जागा अपुरी पडली की कमी वाचली जाणारी पाने आधी बाहेर जातात. एखाद्या तालुक्यावरचे, क्वचितच उघडले जाणारे मराठी पान मग थेट अमेरिकेहून आणावे लागते. म्हणजे लहान भाषेचा वाचक अधिक वेळ ताटकळतो. मला हे तंत्राइतकेच इतिहासाचेही प्रकरण वाटते.

६/ आणखी एक गंमत. लॉगिन केलेल्या सदस्याला पान या साठ्यातून मिळतच नाही. ते त्याच्यासाठी मूळ सर्व्हरवरून येते. अर्थात यवतमाळात बसून लॉगिन करून मराठी लेख लिहिणाऱ्याला आपलेच पान वाचकापेक्षा उशिरा दिसते.