पडद्याच्या पलीकडे बसा

16 एप्रिल 2020, कोरोनाची टाळेबंदी, रात्रीचे पावणेदहा. तुम्ही वाशीममध्ये आहात, बालाजी मंदिरापासून फार लांब नसलेल्या एका जुन्या आळीत. तुम्ही कुणाला दिसत नाही हे तुमचं नशीब. दिसला असतात तर बाहेरगावचा माणूस म्हणून आळीनं तुम्हाला शाळेच्या एखाद्या खोलीत नेऊन चौदा दिवस बसवलं असतं. देऊळ बंद, चौक रिकामा. दिवसभर तापलेल्या भिंती अजून धग सोडताहेत आणि उघड्या खिडक्यांतून एकाच मालिकेचा आवाज येतोय.

दूरदर्शनवर ‘रामायण’ लागलंय. 28 मार्चपासून रोज दोनदा, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आजचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शन काही दिवसांनी जाहीर करेल. तुम्ही ज्या घरात शिरताय तिथं मात्र आपण एवढ्या मोठ्या आकड्यात सामील आहोत याचा कुणाला पत्ता नाही. आबा खुर्चीत, आजी खाली सतरंजीवर. सुनेला पहाटे उठून कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवायचाय, तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. एरवी मालिका संपली की घर पांगतं. आज कुणी उठत नाही, कारण नातीनं सकाळीच सांगून ठेवलंय की रात्री घरात टॉकीज आहे.

ही टॉकीज म्हणजे बुटाचं खोकं. एका बाजूला गोल भोक पाडून त्यात आबांचं पेपर वाचायचं भिंग चिकटपट्टीनं बसवलंय. आत मोबाईल, उजेड पूर्ण वाढवलेला. तो भिंगाच्या जवळ-लांब सरकवत गेलं की एका जागी चित्र नीट उमटतं. चित्र इतकं मंद असतं की रस्त्यावरच्या दिव्याची तिरीपसुद्धा चालत नाही, म्हणून खिडक्यांवर गोधड्या टाकल्यात. कूलरही बंद, कारण त्याच्या घरघरीत मोबाईलचा आवाज बुडतो. एप्रिलात वऱ्हाडात अख्ख्या घराला कूलर बंद करायला लावणारी ही पोरगी पुढे कलेक्टर झाली तरी मला नवल वाटणार नाही.

समोर टांगलेल्या चादरीवर माणसं येतात ती खाली डोकं, वर पाय. भिंगातून चित्र उलटं पडतं हे तिला शाळेत शिकवलंय, ती मोबाईल उलटा ठेवते. माणसं सरळ उभी राहतात. मग नावं सुरू होतात आणि आजी म्हणते, “अवं माय, अक्षरं त आरशातल्यावानी दिसून राह्यली!”

आजीचं बरोबर आहे. टॉकीजवाला फिल्मची पट्टी पलटवून लावू शकतो, दोन्हीकडून आरपार दिसते ती. मोबाईलला पाठ असते. त्यामुळे डावं ते उजवं झालंय, हिरोच्या सदऱ्याची बटणंसुद्धा भलत्या बाजूला. “चालते,” भाऊ म्हणतो. तिला चालत नाही.

“आबा, तुमचं धोतर द्या.”

“कायले?”

“पडदा कराले.”

जुनं, झिजलेलं धोतर शोधायला वेळ लागणार. तेवढ्यात दोन ठिकाणी जाऊन या.

पहिलं ठिकाण हेच घर, 1990 चा उन्हाळा. दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. अकोला’ लिहिलंय, वाशीमचा वेगळा जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडायचाय. अंगणात भाड्यानं आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर, आळीची वर्गणी. भाडं एका रात्रीचं, कॅसेटी तीन, सकाळी सगळं परत करायचं. त्यामुळे झोपणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ‘अशी ही बनवाबनवी’ मध्यरात्रीच उरकलाय. आता तिसऱ्या कॅसेटवर मुंग्या आल्यात आणि तरुण आबा करकरीत नोट घेऊन व्हीसीआरचं हेड पुसताहेत. “आलं काय?” “नाई आलं, अजून पुसा!” अंगणभर माणसं बसलीत, निम्मी पेंगताहेत, पण उठून कुणी जात नाही.

दुसरं ठिकाण लांबचं, मुंबईत दादरला, 1912 साली. दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा मागवलाय. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी रोज थोडी थोडी फिल्म घेतली, आणि आता महिनाभराची वाढ मिनिटाभरात पडद्यावर सरसरून वर चढतेय. फिल्मला कडेनं भोकं पाडायचं किचकट काम अंधारात बसून सरस्वतीबाईंनी केलंय. ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 3 मे 1913 ला लागेल, पण त्यासाठी पैसा उभा राहिला तो या वाटाण्याच्या वेलावर. मराठी माणसाचा सिनेमा घरातून थिएटरात गेला. आपण उगाच समजतो की तो 2020 साली पहिल्यांदा घरात आला.

परत या, धोतर सापडलंय. मधल्या खोलीच्या दाराला ते ताणून बांधलंय आणि भाऊ त्यावर पाणी शिंपडतोय. ओल्या कापडातून उजेड जास्त आरपार जातो. खोकं स्वयंपाकघरात ठेवून नात हुकूम सोडते, “आता सगळे पडद्याच्या पलीकडे बसा.” आजी गुडघ्यावर हात टेकत उठते, उंबरा ओलांडते, मान वर करते. अक्षरं सरळ! ती मोठ्यानं एकेक नाव वाचत सुटते, दिग्दर्शकापर्यंत.

पंखा एकवर ठेवलाय. ओल्या धोतरातून गार झुळूक येते. ती येते तेव्हा हिरोचं तोंड फुगतं. कुणाचीही तक्रार नाही. मला विचाराल तर गंमत धोतराची कमी, खोक्याची जास्त. या घरात चांगला मोबाईल एकच, आणि महिनाभर तो या हातातून त्या हातात ओढला जातोय: बातम्या, आकडे, काढ्याचे फॉरवर्ड, पुन्हा आकडे. आता तो खोक्यात आहे. कुणालाच मिळत नाही, म्हणून भांडणच नाही.

सिनेमा अर्ध्यावर आला असताना चित्र थांबतं आणि धोतरावर नाव उमटतं. पुण्यात खोलीवर अडकलेला काका, व्हिडिओ कॉल. नात फोन बाहेर काढायला धावते. “राहू दे,” आजी म्हणते, “तसाच उचल.”

ती तसाच उचलते. धोतरावर काकाचं हातभर मोठं तोंड येतं, दाढी वाढलेली. त्याच्याकडे नुसता अंधार आणि मध्ये उजेडाचा गोल.

“लाईट गेली काय तुमच्याकडं?”

“नाई गेली,” आबा ओरडतात, “जेवला काय ते सांग!”

“खिचडी.”

“रोजच?”

मग वीस मिनिटं खिचडीत किती पाणी घालायचं यावर चर्चा चालते. मोबाईल तापतो, बॅटरी संपते, सिनेमा अर्धाच राहतो. चीक शिजवायला चारला उठायचंय, म्हणून सून केव्हाच आडवी झालीय.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 5 नोव्हेंबरला राज्यातली थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर उघडतील आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद होतील. पण हे खोकं तोवर टिकणार नाही. जून संपताना शाळा मोबाईलवर भरेल आणि मोबाईल तिकडे जाईल. भिंग आबांना परत मिळेल, कडेला चिकटपट्टीचा डिंक तसाच. नखानं तो खरवडत ते नातीच्या नावानं दोन दिवस कुरकुरतील.