‘असता’ या क्रियापदावर: ब्रिटनच्या ६१ एम कलमाचे भाष्य

विद्यार्थ्या, ब्रिटनच्या २००३ च्या आयकर (कमाई व निवृत्तिवेतन) कायद्यातले दहावे प्रकरण ६ एप्रिल २०१७ पासून सरकारी खात्यांना लागू झाले. त्यातले ६१ एम कलम सावकाश वाच.

पहिला खंड: व्यक्ती ग्राहकासाठी स्वतः काम करते, किंवा स्वतः करण्यास बांधील आहे. ग्राहक म्हणजे हातात पैसे ठेवणारा नव्हे. ज्याच्यासाठी काम होते तो. माणूस पुरवणाऱ्या एजन्सीने बिल चुकवले तरी ग्राहक खातेच. ‘स्वतः’वर बोट ठेव. आपल्या जागी दुसरा माणूस पाठवण्याचा खरा हक्क असेल, तर हा खंड डळमळतो. खरा म्हणजे वापरता येणारा, नुसता छापलेला नव्हे.

पुढचा एक खंड: करार थेट नाही, मध्यस्थामार्फत आहे. मध्यस्थ म्हणजे बहुधा त्या व्यक्तीचीच छोटी कंपनी. एजन्सीला मध्यस्थ समजू नकोस.

आता गाभा. करार थेट झाला असता, तर आयकरापुरती ती व्यक्ती ग्राहकाची नोकर ठरली असती का? सारा भार ‘असता’वर आहे. म्हणजे कायदा झालेल्या करारावर थांबत नाही. न झालेला करार उभा करायला सांगतो. काही म्हणतात, कागद बाजूला ठेवा, काम तेवढे पाहा. काही म्हणतात, कागदच प्रमाण. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. परिस्थितीत करारांच्या अटी ‘समाविष्ट’ आहेत, असे कलमच सांगते. याचा अर्थ अटी वाचायच्याच, पण तेवढ्यावर थांबायचे नाही.

‘नोकर’ कोण, हे न्यायालयांच्या निकालांतून शोधावे लागते. ‘रेडी मिक्स्ड काँक्रीट’ खटल्याच्या १९६८ च्या निकालाने तीन कसोट्या दिल्या: स्वतः काम करणे, कामावर मालकाचे नियंत्रण, आणि उरलेल्या अटी नोकरीशी जुळणाऱ्या. ‘आयकरापुरती’ हा शब्दही सोडू नकोस. पगारासारखा कर कापला जातो. भरपगारी रजेचा हक्क त्यातून येत नाही. मला हे कठोर वाटते, पण शब्दांचा अर्थ तोच आहे.

६१ एनए कलम: ग्राहकाने निष्कर्ष कारणांसह निवेदनात लिहून द्यावा आणि ‘वाजवी काळजी’ घ्यावी. काळजी घेतली नाही, तर ते निवेदन निवेदनच नव्हे. म्हणजे करकपातीची जबाबदारी ग्राहकाकडेच राहते. माझ्या वाचनाप्रमाणे, प्रत्येकाचे काम न पाहता सगळ्यांना एकच उत्तर देणे ही काळजी नव्हे.

दहाव्या प्रकरणाच्या नियमांखाली लोकांचा दर्जा, म्हणजे नोकर की नाही, चुकीचा ठरवल्यामुळे ब्रिटनच्या काम व निवृत्तिवेतन खात्याला २०२०-२१ च्या हिशेबात ८ कोटी ७९ लाख पौंडांचा कर दाखवावा लागला.