शिवनेरी ते आहुपे: पाणमोट फुटण्याआधीच्या तजविजीचा इतिहास

#थ्रेड

१/
शिवजन्माच्या तिथीवरून महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद चालला. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१? लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या तिथीची बाजू बळकट झाली. पुढे २००१ साली राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तिथी ठरली, पण त्या तिथीच्या आधीचे काही महिने या वादात मागेच राहिले. एका गर्भवतीच्या सुखरूप बाळंतपणासाठी त्या महिन्यांत काय तजवीज झाली, आणि त्याच जुन्नर-आंबेगावच्या मुलखात आज ती कशी होते, हा या धाग्याचा विषय.

२/
आधी शब्द पाहू. गर्भ ज्या पाण्यात वाढतो त्या पाण्याच्या पिशवीला मराठीत ‘पाणमोट’ म्हणतात. विहिरीतून पाणी ओढणारी कातडी मोट ज्यांनी रोज पाहिली, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसेल. मोट फाटली की पाणी थांबवता येत नाही, पाणमोटेचेही तसेच. म्हणून जुन्या बायका ‘पाणी गेलं’ एवढेच म्हणत, आणि घरातली सगळी धावपळ त्या दोन शब्दांनी सुरू होई.

३/
बहुतेक बाळंतपणांत आधी कळा येतात आणि पाणी नंतर जाते. पण दिवस पूर्ण भरलेल्या दर १०० गर्भवतींपैकी सुमारे ८ जणींची पाणमोट कळा सुरू होण्याआधीच फुटते. कधी पाण्याचा लोंढा येतो, कधी नुसते थेंब झिरपतात. यांतल्या निम्म्याहून अधिक जणींना पुढच्या २४ तासांत आपोआप कळा लागतात. मात्र पिशवी फुटली की बाळाभोवतीचा पडदा जातो. जंतूंना वाट मिळते, आणि क्वचित नाळ बाळाच्या आधी खाली घसरते. दवाखाना जवळ असेल तर हा वेळ पुरेसा ठरतो. तो दोन डोंगरांपलीकडे असेल तर पुरत नाही.

४/
घटका सांगता येत नाही, हे प्राचीन वैद्यांनी मान्य केले होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवव्या महिन्यापासून दहाव्या महिन्याच्या अखेरपर्यंतचा सगळा काळ प्रसवकाल मानला आहे. त्यावरून निघणारा नियमही तिथेच येतो: नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार बांधून तयार असावे, आणि नवव्या महिन्यात शुभ दिवस पाहून गर्भवतीने तिथे राहायला जावे. कळांची वाट पाहून धावपळ करायची नाही. आधी जागेवर पोहोचायचे आणि मग वाट पाहायची.

५/
त्या सूतिकागारातील सामानाची यादी आजच्या वाचकालाही ओळखीची वाटेल. अग्नी, पाणी, उखळ-मुसळ, स्नानाची व शौचाची जागा, स्वयंपाकाची सोय. तूप, तेल, मध, मीठ, गूळ. सुया आणि धारदार लोखंडी शस्त्रे. बाज आणि सरपण. यादीत माणसेही आहेत. जिने स्वतः अनेक बाळंतपणे सोसली आहेत आणि जिला या गर्भवतीविषयी माया आहे, अशा एक नव्हे, अनेक स्त्रिया जवळ असाव्यात, असे ग्रंथ सांगतो. अनुभव आणि माया या दोन्ही अटी त्याने एकत्र घातल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

६/
चरकाच्या वर्णनात प्रसूती जवळ आल्याची लक्षणे क्रमाने येतात: अंग गळून जाणे, ओटीपोट जड होणे, मग कळा आणि गर्भोदकाचा स्राव. हा नेहमीचा क्रम झाला. तो मोडून पाणीच आधी गेले, तर उपयोगी पडते ती आधीची तयारी. सूतिकागाराची कल्पना मुळात त्या मोडलेल्या क्रमासाठीच आहे, असे म्हणता येईल.

७/
आता १६२९. जुलै महिन्यात दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी सिंदखेडचे लखुजी जाधवराव मुलांसह मारले गेले. जिजाबाईंचे ते वडील. फेब्रुवारीतील जन्मतारखेवरून मागे मोजले, तर जिजाबाईंचे गर्भारपण तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. बाळंतपणासाठी लेकीने माहेरी जावे, ही रीत. या लेकीचे माहेर त्या एका दिवसात उजाड झाले. पती शहाजीराजे निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत सतत मोहिमेवर होते.

८/
माहेर गेले, तेव्हा उपयोगी पडले सोयरे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नुसार शिवनेरीवरील विश्वासराव घराण्यातील विजयराजांची कन्या जयंती जिजाबाईंच्या थोरल्या मुलाला, संभाजीला दिली होती. त्या विवाहानंतर गरोदर जिजाबाईंना शिवनेरीवर व्याह्यांकडे ठेवून शहाजीराजे पुढे गेले. युद्धाच्या दृष्टीने हा एक किल्ला होता. गर्भवतीच्या दृष्टीने पाहिले, तर ते सूतिकागार होते.

९/
शिवनेरीची रचना पाहिली की ही निवड समजते. जुन्नर शहराला लागूनच असलेला हा गड सात दरवाजे ओलांडल्यावर हाती लागतो. वर कातळात खोदलेली गंगा-जमुना ही टाकी वर्षभर पाणी देतात. खाली बाजारपेठ, वर धान्याची कोठारे, आणि शिवाई देवीचे ठाणे. बाळंतपणाला लागते ते सगळे, म्हणजे पाणी, आडोसा, शेक आणि जाणती माणसे, वेढा पडला तरी मिळत राहील अशी ही जागा होती. चरकाने सांगितलेली जागा आणि माणसे या दोन्ही गोष्टी इथे जुळून आल्या.

१०/
गडाखालच्या सामान्य घरांची तजवीज वेगळी होती, पण तत्त्व तेच. सातव्या महिन्यात ओटीभरण किंवा डोहाळजेवण होई आणि पहिलटकरीण माहेरी जाई. या रीतीकडे केवळ सोहळा म्हणून पाहिले, तर तिचा अर्धा अर्थ निसटतो. अवघडलेल्या बाईने शेवटच्या महिन्यांत बैलगाडीने हिसके खात प्रवास करू नये, वेळ येईल तेव्हा ती ओळखीच्या सुईणीपासून हाकेच्या अंतरावर असावी, हा त्यातला व्यवहार होता. बाज, शेगडी, जुने मऊ लुगडे, डिंक, आळीव, बाळंतशेपा यांची जमवाजमव आई महिनाभर आधीच करू लागे.

११/
या तजविजीत एक मोठी उणीव होती. हातावरून जंतू जातात, हे कोणालाच ठाऊक नव्हते, युरोपातही नव्हते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. पाणमोट फुटल्यावर तपासणीचा प्रत्येक अस्वच्छ हात धोका वाढवतो. आपल्याकडे पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडून घर जागे राहत असे. नवजात बाळाचा धनुर्वातही बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपासच उमटतो. भय खरे होते. कारण सापडायचे होते.

१२/
कारण कळल्यावर सुईणीला शिकवायचे, की तिला दूर सारायचे, असा प्रश्न उभा राहिला. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुईणींच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर दाई-प्रशिक्षणातून ‘पाच स्वच्छता’ गावोगाव पोहोचल्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळ बांधायचा स्वच्छ दोरा आणि कापलेल्या नाळेची स्वच्छता. लसीकरण आणि या साध्या नियमांच्या बळावर २०१५ साली भारत माता व नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाच्या टप्प्यावर पोहोचला.

१३/
जागा सुधारली, माणसे शिकली. राहिली ती वाट. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेवर महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. याच धारेवर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याणकडचा माल जुन्नरला चढवण्यासाठी कातळ फोडून ही वाट केली, आणि राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात कोरला गेला. व्यापाऱ्याच्या बैलासाठी दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर फोडला गेला. त्याच डोंगरातील अडलेल्या बाईला मात्र बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणण्याचे दिवस अगदी अलीकडेपर्यंत राहिले.

१४/
विकासानेही इथल्या वाटा बदलल्या. कुकडी प्रकल्पात घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, मोठे सरकारी रुग्णालय पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला आहे. आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावाला तिथे पोहोचायचे, तर वळणावळणांचा लांब रस्ता कापावा लागतो. त्यात पावसाळा. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले, १५० हून अधिक माणसे गेली आणि बाहेरच्या जगाला ते प्रथम एसटीच्या चालकामुळे कळले. रस्त्याचा भरवसा किती धरायचा, हे या मुलखाला वेगळे सांगावे लागत नाही.

१५/
माता का दगावतात, याचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ साली तीन विलंबांची मांडणी केली: निर्णयाला विलंब, पोहोचायला विलंब, पोहोचल्यावर उपचाराला विलंब. अलीकडच्या योजना याच तीन गाठी सोडवू पाहतात. २००५ साली जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्ती आल्या. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया आणि ने-आण मोफत केली. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८–२० मध्ये १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले.

१६/
पण सरासरीच्या आकड्यात घाट दिसत नाही. रुग्णवाहिका बोलावल्यावर निघते, आणि पाणमोट न सांगता फुटते. यावर महाराष्ट्राने काही आदिवासी जिल्ह्यांत काढलेला तोडगा इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली; दूरच्या वाडीतील गर्भवतीने दिवस भरण्याआधी काही दिवस तिथे येऊन राहायचे, सोबत घरचे माणूसही राहणार. योजनेचे नाव ‘माहेरघर’. चरकाचे सूतिकागार, पहिलटकरणीचे माहेर आणि जिजाबाईंचा शिवनेरी, तिन्हींमागचा विचार त्या एका नावात आला आहे.

१७/
आजच्या घरासाठी त्यातून निघणारी तजवीज थोडक्यात अशी.
– आठवा महिना संपण्याआधी कागदपत्रे, तपासणीचे कार्ड, आईचे व बाळाचे स्वच्छ कपडे आणि पॅड एका पिशवीत भरून ठेवावेत.
– कोणत्या रुग्णालयात जायचे, गाडी कोणाची आणि रात्री सोबत कोण, हे आधी ठरवावे. पावसाळ्यात दुसरा रस्ताही ठरवावा.
– आशाताईंचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाकडे असावा.
– घर दूर असेल, तर शेवटचे दिवस रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे काढावेत.

१८/
आणि पाणी गेलेच, तर:
– वेळ लिहून ठेवावी. पॅड लावून पाण्याचा रंग पाहावा. आत काहीही घालू नये, घरी कोणाकडूनही आतून तपासून घेऊ नये.
– कळा नसल्या तरी रुग्णालयात जावे.
– पाणी हिरवट, तपकिरी किंवा रक्तमिश्रित असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, किंवा ३७ आठवडे पूर्ण झाले नसतील, तर क्षणाचाही उशीर करू नये.
– नाळ बाहेर आल्यासारखी वाटली, तर गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवून थांबावे आणि लगेच १०८ ला फोन लावावा.

१९/
शिवनेरीवर दर फेब्रुवारीत पाळणा हलतो आणि गर्दी जन्मस्थानाच्या वास्तूपुढे माथा टेकवते. गडावरून पश्चिमेला पाहिले, तर दिसतात त्याच डोंगररांगा. तिथल्या एखाद्या वाडीत त्या दिवशीही कोणीतरी नवव्या महिन्यात असते. जिजाबाईंसाठी सात दरवाज्यांचा गड आधीच शोधून ठेवला गेला होता. तिच्यासाठी एक खोली, दोन जाणत्या बायका आणि चालू रस्ता एवढे आधी तयार असले, तरी पुरे.

(धागा समाप्त)